मिठाची वाटी

राजश्रीआक्का सहासष्ट वर्षांच्या. निपाणीत बस्तीच्या गल्लीत, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या गल्लीत, त्यांचं घर. मराठी शाळेत चौतीस वर्षं मास्तरीण होत्या, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेले आहेत, म्हणून आजही त्या दिसल्या की मोठमोठे बापे पायरीवरून उठून उभे राहतात. घरात सासूशी कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्हीची मिसळ, असं सगळं आयुष्य गेलं. पण बाईला एक नाद. खाण्यापिण्याचा शब्द कानावर पडला की तो आला कुठून, ते हुडकायचं आणि वहीत लिहायचं. भाजीवालीनं कोत्तंबरी म्हटलं की ह्या तिथंच उभ्या राहून सांगणार, की कानडीतली कोत्तंबरी आणि आपली कोथिंबीर एकाच संस्कृत कुस्तुंबरीच्या लेकी. भाजीवाली म्हणणार, व्हय आक्का, पण दहा रुपये द्या.

हा नाद वडिलांचा. आप्पा निपाणीतल्याच पाठशाळेत शिकवायचे. रोज संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, जेवणं व्हायची, कारण आमच्यात सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत. ताटं वाढली की आप्पा एक शब्द टाकायचे. साखर म्हणजे मुळात काय? जो आधी सांगेल त्याच्या भातावर तुपाची जादा धार. उत्तर कायम वृषभचं. वृषभ हा राजश्रीचा थोरला भाऊ, तिचा अण्णा. साखर म्हणजे शर्करा, शर्करा म्हणजे वाळूचे खडे, असं तो घास तोंडात असतानाच सांगून टाकायचा. मग आप्पा तूप वाढायचे, आणि आप्पांची पाठ वळली की हा ते तुपाचं ताट बहिणीकडं सरकवायचा आणि तिचं कोरडं ताट स्वतःकडं ओढायचा. एकदाही चुकला नाही. राजश्रीला त्या खेळात कधी जिंकता आलं नाही, आणि जिंकायची गरजही पडली नाही.

तो अण्णा पंचवीस वर्षांपूर्वी घर सोडून दिगंबर मुनी झाला. दीक्षेचं नाव मोठं आणि सुंदर आहे, पण गल्लीत सगळे महाराजच म्हणतात, तर आपणही तेच म्हणू. पंचवीस वर्षांत महाराज कधी निपाणीकडं फिरकले नव्हते. ह्या एप्रिलमध्ये, एका रविवारी, शिष्यांच्या संघाबरोबर चालत आले आणि बस्तीत उतरले. वय बहात्तर. राजश्रीआक्का पायांवर डोकं ठेवायला गेल्या तेव्हा महाराजांनी इतरांसारखाच त्यांनाही आशीर्वाद दिला आणि म्हणाले, "बाई, सुखी राहा." बाई. आक्कांनी मान खाली घातली. शास्त्र त्यांना पाठ होतं. मुनीला बहीण नसते. पण बहिणीला भाऊ असतो, त्याचं काय करायचं ते शास्त्रात कुठं लिहिलेलं त्यांना तरी सापडलं नव्हतं.

आता आहाराची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मुनी दिवसातून एकदाच जेवतात, सकाळी दहाच्या सुमाराला, उभ्यानं, ओंजळीत. पाणीही त्याच वेळी, पुन्हा दुसऱ्या दिवशीपर्यंत थेंब नाही. आणि आहाराला निघण्यापूर्वी ते मनात एक नियम धरतात: आज अमुक वस्तू हातात घेऊन कुणी दारात उभं असेल, तर त्याच घरी थांबायचं. नियम कुणाला सांगायचा नाही. म्हणून त्या वेळी सगळी गल्ली आंघोळ करून, शुद्ध कपड्यात, आपापल्या दारात उभी. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या कलश, कुणाच्या आंबे. महाराज एकेका दारावरून जातात. जुळलं तर थांबतात. नाही जुळलं तर बस्तीत परत, आणि तो दिवस उपाशी. नियम तोच राहतो, जुळेपर्यंत.

सोमवार ते गुरुवार सगळं बिनबोभाट झालं. गुरुवारी तर गल्लीची हसून पुरेवाट झाली. समोरच्या जयाबाईचं आवरलं नव्हतं, ती घाईगडबडीत निवडायला घेतलेली कोथिंबिरीची जुडी हातात घेऊनच दारात आली, आणि चांदीचे कलश सोडून महाराज तिच्यापुढंच थांबले. जयाबाई एवढी घाबरली की तिला जुडी खाली ठेवायचंही सुधरेना.

आणि शुक्रवारी महाराज परत गेले.

शनिवारीही परत गेले. चाळीस दारांवरून गेले आणि एकाही दारात थांबले नाहीत. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. बस्तीच्या कमिटीचा धरणेंद्र, आक्कांचाच जुना विद्यार्थी, डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरनं लांबूनच बघितलं, जीभ बघितली, आणि बाहेर येऊन सांगितलं की आता पाणी पोटात जायलाच पाहिजे, मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पडलेत, ह्या वयात मूत्रपिंड साथ सोडायला वेळ लागत नाही. पण मुनीला ना सुई, ना सलाईन. पाणी जायचं ते ओंजळीतूनच. कट्ट्यावर बसलेली म्हातारी माणसं हळूच एकमेकांत बोलायला लागली, की महाराजांच्या मनात सल्लेखना तर नाही ना, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवायचा तर विचार नाही ना. बोलणाऱ्यांनी श्रद्धेनं हात जोडले. राजश्रीआक्कांनीही जोडले. पण सोडले ते बस्तीचा खांब धरायलाच. जिवाची नुसती तगमग होत होती, आणि ती कुणाला दाखवायचीही सोय नव्हती.

घरी आल्या. सून चंदना पाणी घेऊन आली, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं. दुपारी चारच्या सुमाराला, मन कुठंतरी गुंतवावं म्हणून त्यांनी वही काढली. महाराज रोज सकाळी आहाराआधी अर्धा तास प्रवचन द्यायचे, आणि त्यात, आप्पांचाच मुलगा तो, रोज खाण्यापिण्यातला एखादा शब्द उलगडायचे. आक्कांनी ते सगळे टिपून ठेवले होते. सोमवार, भात: मूळ शब्द भक्त, म्हणजे वाटून दिलेला वाटा. मंगळवार, ऊस: इक्षू. बुधवार, गूळ: गुड, म्हणजे गोळा. गुरुवार, कोथिंबीर.

कोथिंबिरीवर आक्कांचं बोट थांबलं.

गुरुवारी जयाबाईच्या हातात कोथिंबीर होती. बुधवारी धरणेंद्राकडं आहार झाला, त्याच्या सुनेच्या ताटात गुळाचा खडा होता, हे आक्कांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मंगळवारी ज्या घरी थांबले त्यांच्या दारात उसाचं कांडं. सोमवारी शिजलेल्या भाताचं पातेलं. त्यांनी चारही ओळी पुन्हा वाचल्या. महाराज सकाळी ज्या शब्दावर बोलत होते, तीच वस्तू त्यांच्या मनातल्या नियमात होती. त्यांना स्वतःला तरी हे ठाऊक होतं का, देव जाणे.

त्यांनी पान उलटलं. शुक्रवार, मीठ. शनिवारी पुन्हा मीठ, आणि लोकांना वाटलं, महाराजांना वयामुळं विसर पडला. मृष्ट, मिष्ट, म्हणजे रुचकर. हिंदीवाल्यांनी तोच शब्द गोडाला ठेवला, आपण खाऱ्याला ठेवला, असं महाराजांनी दोन्ही दिवस सांगितलं होतं.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, काळजाचं पाणी व्हायची गोष्ट. महाराजांनी दीक्षेच्या दिवशीच मीठ सोडलेलं. पंचवीस वर्षांत चिमूटभर नाही. त्यामुळं चाळीस घरांनी काय केलं? आहाराच्या स्वयंपाकात चुकून दाणा पडू नये म्हणून मिठाची बरणीच स्वयंपाकघराबाहेर काढून ठेवली. कुणी परसात, कुणी माळ्यावर. आक्कांनी स्वतः तीन वेळा ओटा पुसून घेतला होता. भक्तीपायी सगळ्या गल्लीनं मीठ लपवलं होतं, आणि तो माणूस हातात मीठ असलेलं दार शोधत दोन दिवस उपाशी परत जात होता.

त्या तशाच धरणेंद्राकडं गेल्या. त्याला वही दाखवली. धरणेंद्र तसा भला माणूस, पण ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "आक्का, ज्यानं मीठ सोडलंय त्येच्यासमोर मीठ धरून हुबं ऱ्हायाचं? चुकलं तर अपमान हुतोय त्येंचा. आन एक खडा जरी अन्नात गेला, तर अंतराय. घास टाकून परत जातील. तिसरा दिवस. मग काय झालं तर कुणाच्या माथ्यावर?"

अंतराय म्हणजे आहारात विघ्न. केस निघाला, मुंगी दिसली, सोडलेली वस्तू अन्नात आली, की मुनी ओंजळ सोडतात आणि तसेच निघून जातात. आक्कांनी वही मिटली. धरणेंद्राच्या बोलण्यात खोट नव्हती. शिवाय त्यांच्या मनात जी दुसरी भीती होती ती त्यांनी त्याला सांगितलीच नाही. नियम ओळखायचा नसतो. आणि हा तर आप्पांच्या ताटावरचा खेळ वापरून ओळखायचा. पंचवीस वर्षं ज्या नात्याकडं अण्णानं पाठ केली, त्याच नात्यात त्याला ओढून आणायचं की काय? बहिणीच्या मायेनं मुनीची तपश्चर्या बाटवायची? सगळी संध्याकाळ त्या ह्याच विचारात जागच्या जागी बसून होत्या. दिवस मावळला, जेवायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी बस्तीत गेल्या तर कळलं, आज प्रवचन नाही. महाराजांना बोलवत नाही. झालं. होता तो एक आधारही गेला. नियम खरंच मिठाचा आहे का, हे आता कुणाला विचारणार? आक्का घरी परत आल्या, आंघोळ केली, ओल्या अंगानंच शुद्ध लुगडं गुंडाळलं, आणि चंदनाला म्हणाल्या, "परसातली बरणी आण."

चंदनानं आणली. ओट्यापासून लांब, उंबऱ्यावरच ठेवली. आक्कांनी खडेमिठाची वाटी भरली, वर दुसरी वाटी झाकली, आणि ती पोटाशी धरून दारात उभ्या राहिल्या. अन्न आत, लांब, झाकलेलं. महाराज वळणावर दिसले की वरची वाटी काढायची, असं ठरलं.

दहा वाजले. महाराज वळणावर आले. उजव्या हाताची मिटलेली बोटं खांद्यावर, आहाराला निघाल्याची खूण म्हणून, आणि डाव्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. चालणं लहान मुलासारखं, पुढचं पाऊल पडेपर्यंत बघणाराचा जीव टांगणीला. ओठांना भेगा पडलेल्या. धरणेंद्राच्या दारात चांदीचा कलश होता, तिथून पुढं गेले. आंब्यांवरून गेले. नारळांवरून गेले. प्रत्येक दारातून "नमोस्तु, नमोस्तु" असा आवाज उठायचा आणि ते पुढं सरकले की विझायचा. आक्कांनी झाकणाची वाटी काढली. शेजारच्या दारातून कुणीतरी चमकून म्हणालं, मीठ गं बाई ते. धरणेंद्र मागून चालत होता, त्यानं ते पाहिलं आणि डोळेच मिटून घेतले.

महाराज समोर आले. वाटीकडं पाहिलं. आक्कांना वाटलं, आता तोंड फिरवतील आणि जातील, आणि बस्तीत जाऊन आडवे होतील ते उठणारच नाहीत, आणि हे आपण केलेलं असेल. चौतीस वर्षं वर्ग गाजवलेल्या बाईच्या तोंडून एक अक्षर फुटेना. स्वागताचे शब्द, जे त्यांनी निम्म्या गल्लीकडून घोकून घेतले होते, ते साफ विसरल्या.

महाराज थांबले.

मागून चंदनाच म्हणाली, रडत रडत, "नमोस्तु महाराज, अत्र तिष्ठ, तिष्ठ."

पुढचं सगळं आक्कांना तुकड्यातुकड्यानं आठवतं. वाटी समोरच्या जयाबाईनं धावत येऊन हातातून काढून नेली, गल्लीच्या पलीकडं. आक्कांनी दोन वेळा हात धुतले, तरी बोटाला खडा चिकटला असेल अशी भीती, म्हणून तिसऱ्यांदा धुतले. महाराजांना तीन प्रदक्षिणा घातल्या. मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारपाणी शुद्ध आहे, असं म्हणायचं असतं. वचन शुद्ध म्हणताना आक्कांची जीभ अडखळली. आपण नियम ओळखलाय हे पोटात ठेवून वचन शुद्ध कसं म्हणायचं? पण पाणी समोर होतं, आणि तो तीन दिवसांचा तहानलेला. त्या म्हणाल्या.

आधी पाणी. ओंजळ कापत होती, अर्धं सांडलं. गल्लीतली माणसं खिडकीशी, दाराशी दाटलेली. मग भात, अळणी. आक्कांचं सगळं लक्ष आपल्या पदराकडं, की एखादा पांढरा केस निसटून पडेल. एक घास. दोन. पाचव्या घासाला महाराज थांबले आणि ओंजळीत निरखून बघायला लागले. केसच, आक्कांना वाटलं. साळीचं एक तूस होतं. महाराजांनी ते बाजूला केलं आणि घास घेतला. अकरा घास झाले, पुन्हा पाणी झालं, आणि महाराजांनी ओंजळ सोडली. आहार झाला. बाहेर धरणेंद्र पायरीवरच बसला आणि उपरण्यात तोंड घालून हुंदके द्यायला लागला.

महाराज पाटावर बसले. थोडा वेळ गेला. मग पहिल्यांदाच त्यांनी आक्कांकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "बाई, मीठ का धरलं?"

खोटं बोलायची सोय नव्हती. आक्कांनी वही आणली आणि समोर ठेवली. कसं कळलं ते सगळं सांगितलं, भातापासून मिठापर्यंत. आवाज चोरून, वर्गात पकडलेल्या पोरीसारखं.

महाराज ऐकत राहिले. वहीला हात लावला नाही. मग म्हणाले, "म्हंजे मनातला नियम मीच रोज सकाळी बोलून दाखवत हुतो." पिंछी जवळ ओढली. "घर सोडलं, कपडे सोडले, मीठ सोडलं. आप्पांचा खेळ तेवढा न्हाय सुटला. ह्या गावात पाय ठेवला आन तोंडातनं तेच शब्द यायला लागले."

आक्का म्हणाल्या, चुकलं माझं, महाराज. महाराज म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही दाखवलंत. मग कमंडलू उचलत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी विहार."

विहार म्हणजे गाव सोडून पुढं निघणं. आक्का तिथंच बसून राहिल्या. आप्पांच्या खेळात त्या आयुष्यात एकदाच जिंकल्या, आणि त्या दिवशी खेळ मोडला.

सोमवारी उजाडताना संघ चिकोडीच्या रस्त्याला लागला. गल्ली वेशीपर्यंत पोचवायला गेली. महाराज मागं वळले नाहीत, वळत नसतात. आक्का उभ्या होत्या आणि एकच गोष्ट डोक्यात घुमत होती: पुढच्या गावात प्रवचनात शब्द नसणार. आता मनातलं मनातच राहणार. तिथं कोण ओळखणार? नाही जुळलं तर? दोन दिवस नाही, चार दिवस नाही जुळलं तर? आपणच ती वाट बुजवली.

संघाबरोबर धरणेंद्र चालत गेला होता. आहार झाला की फोन करतो, एवढंच तो आक्कांना म्हणाला होता. त्या दिवशी दहा वाजले, साडेदहा झाले. चंदनानं ताट वाढून झाकून ठेवलं. आक्का फोन मांडीवर घेऊन बसल्या. अकरा झाले. फोन वाजला तेव्हा तो उचलायला त्यांना दोन हात लागले.

"झाला आक्का, आहार झाला," धरणेंद्र म्हणाला. "एका गरिबाच्या घरात. आन त्येच्या हातात काय हुतं म्हाईत हाय?"

"सांगू नकोस," आक्का म्हणाल्या.

तो गोंधळला. म्हणाला, वहीत लिहायला तरी.

"सांगू नकोस रं. उद्या बी सांगू नकोस. झाला का न्हाय, तेवढंच सांगत जा."

त्यांनी फोन ठेवला आणि ताटावरचं झाकण काढलं. अजूनही रोज असंच चालतं. दहा ते अकरा आक्का कुणाशी बोलत नाहीत, ताट झाकलेलं असतं, आणि फोन येईपर्यंत त्या दाराच्या कडीकडं बघत बसतात. अण्णानं सगळं सोडलं, तसं त्यांनी एवढंच सोडलं: ओळखायचं.